सीटवरचा हात

जहाजावर चोवीस तासांचं नेट आलं, तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाला तो आचारी. आधी बंदर लागेपर्यंत पंधरा-पंधरा दिवस घरचा आवाज कानावर पडत नसे. आता पिठाच्या डब्याला फोन टेकवून तो कांदे सोलायचा, आणि समोर घर. सात वर्षांची लेक ठमी, अंगण, दारातल्या चपला, सगळं. पण चोवीस तास घर दिसायला लागलं की आपण तिथे नसल्याचंही चोवीस तास दिसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तिथे धाकटा होता. आचाऱ्याचा सख्खा भाऊ, मागच्याच गल्लीत राहणारा. नळ गळला की धाकटा, दिवा गेला की धाकटा. बायको कौतुकाने म्हणायची, "भाऊजी आहेत म्हणून बरंय." भाऊजी आहेत म्हणूनच आचाऱ्याच्या पोटात दुखायचं, हे तिला कोण सांगणार? पूर्वीही धाकटाच सगळं करत होता. फक्त दिसत नव्हतं, म्हणून झोंबत नव्हतं.

ठमीला सायकल आणली तेव्हा तर कहर झाला. घरून निघताना आचाऱ्याने लेकीला कबूल केलं होतं, सायकल मीच शिकवणार. मग ठरलं: रोज दुपारी फोन कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा, बाबा जहाजावरून शिकवणार, काका नुसती सीट धरणार. 'नुसती' हे आचाऱ्याने दोनदा बजावलं. पण त्याचं बोलणं पोचायला दोन-दोन सेकंद लागायचे. तो "ब्रेक" म्हणेपर्यंत ठमी कुंड्यांत, आणि काका तिच्या गुडघ्यावर फुंकर घालतोय. ती फुंकर पाहून बापाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"दादा, आज सोडू का सीट?" धाकटा रोज विचारायचा.

"नको. पडेल ती. दोन महिन्यांनी मी येतोय ना, मीच सोडेन."

पडण्याची भीती नावापुरती होती. सीट धाकट्याने सोडली, तर सायकल धाकट्याने शिकवली असं होणार होतं. आणि ते आचाऱ्याला सहन होणार नव्हतं.

बाराव्या दिवशी समुद्र खवळला होता. आचारी बोलत होता, पण तिकडे ऐकू जाईना. त्यांच्या फोनवर त्याचा चेहरा नुसता थिजून राहिला असावा. इकडे मात्र सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"काका, बाबांची रेंज गेली."

"मग मार दोन चकरा. बाबा आले की पुन्हा डगमगायचं. कळलं ना?"

ठमीने टांग टाकली आणि भर्रकन निघाली. सीटवर कुणाचा हात नव्हता. कुंड्यांना वळसा, फाटकापाशी झोकात वळण, आणि परत. धाकटा लांब उभा राहून हसत होता.

आचाऱ्याच्या हातातला कांदा तसाच राहिला. म्हणजे सायकल शिकवणं तर हातचं गेलंच होतं. वर शिकवण्याचं नाटक दोघांनी मिळून त्याच्यापुढे टाकलं होतं, रुसलेल्या पोरासमोर खेळणं टाकावं तसं. भावाचा त्याला असा राग आला की फोन समुद्रात भिरकावावा.

तेवढ्यात ठमीची नजर फोनवर गेली. "बाबा हलले! काका, धर, धर." ती धापा टाकत जागेवर आली, हँडल मुद्दाम वाकडं केलं. धाकट्याने धावत येऊन सीट धरली.

"दादा, दिसतंय का? आज सोडू?"

आचाऱ्याने डोळे पुसले. कांदा होताच हातात. आणि म्हणाला, "सोड."

दोन सेकंद तो हात सीटवरच राहिला, त्याचा शब्द पोचायची वाट बघत. मग सुटला.

ठमी अंगणभर फिरली. "बाबांनी शिकवलं!" असं ओरडत तिने सायकल तशीच आडवी टाकली, धावत आली आणि काकाच्या गळ्यात पडली.