ओला कोबा

सेरवानं कोब्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद नखानं उचलला आणि उलटा करून मामांपुढे धरला. आतून पाण्याचे थेंब ओघळत होते.

"बघा. अजून घाम येतोय याला."

"पूस घाम आणि बसव फरशी. शनिवारी अख्खं एजिसू गाव येणार आहे."

मामा, म्हणजे ओपानिन अग्येमान, घराण्याचे प्रमुख. त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. त्यांची बहीण फोसुआ, म्हणजे सेरवाची आई, तीन आठवडे शवागारात होती, कारण घर सजल्याशिवाय तिला घरी आणायचं नव्हतं. आमच्याकडे माणसं मयताला येतात आणि रडता रडता भिंतींचा रंग बघून घेतात. म्हणून रंग झाला, पडदे आले, फोसुआच्या खोलीतली मातीची जमीन उकरून बारा दिवसांपूर्वी कोबा केला. जितेपणी जिला एक फरशी मिळाली नाही, तिच्यासाठी आता पांढऱ्या फरश्यांचे खोके आले होते. याचा सेरवाला संताप येत होता.

"महिना तरी सुकायला हवा, मामा. आत्ता बसवल्या तर थोड्याच दिवसांत पोकळ वाजतील, मग सुटतील."

"तेव्हा कोण बघायला येतंय?"

"सगळे येतील. म्हणतील, बाईनं बसवल्या होत्या ना, मग असंच होणार."

"म्हणून फोसुआला सांगत होतो, पोरीला शिवणकाम शिकव."

"मग शिंप्याला बोलवा."

फरशी बसवणारी बाई गावात ही एकटीच. तिला या कामाला घातलं म्हणून फोसुआनं वर्षानुवर्षं टोमणे खाल्ले होते. आईच्या मयतालाच ते टोमणे खरे करून दाखवायची सेरवाची तयारी नव्हती.

"दुसरा मिस्त्री आणतो मी," मामा म्हणाले.

"आणा. खोके माझ्या खोलीत आहेत." तिनं किल्ली कमरेच्या कापडात खोचली.

शुक्रवारी मामांनी चर्चमधून गालिचा आणून अंथरला. शनिवारी पहाटे सेरवानं तो गुंडाळून अंगणात नेऊन ठेवला. कोब्याला हवा लागायला हवी, एवढंच ती म्हणाली. मामांचे डोळे लाल झाले, पण तेवढ्यात फोसुआला घेऊन गाडी दारात आली आणि भांडण तिथंच राहिलं.

पितळी पलंगावर जरीच्या कापडात फोसुआ निजली होती आणि खाली करडा, उघडा कोबा. दुखवट्याच्या काळ्या-तांबड्या कपड्यांतली माणसं एकामागून एक आत येत होती. समोरच्या घरातल्या कोनाडूबाईंनी चपलेचं टोक जमिनीवर घासलं.

"अग्येमान, मुलगी फरश्या बसवते आणि आई सिमेंटवर?"

खोलीतलं रडणं जरा कमी झालं. सेरवा उत्तर द्यायला पुढे झाली, तर मामांनी हातानं तिला मागे सारलं.

"कोबा ओला आहे," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "आमच्या मिस्त्रीनं नाही म्हटलं. मी सांगून पाहिलं, मलाही नाहीच म्हटलं. महिन्याभरानं बघायला या. आणि तुमच्या दारातली फरशी हलते, कोनाडू. ती हिला दाखवून घ्या."