मागच्या दाराची मूठ

साहेबांची लांबलचक काळी सेडान मी सव्वीस वर्षं चालवली. साहेब मागे, मी पुढे. साहेब गेले आणि त्यांच्या लेकीनं, म्हणजे ताईनं, गाडी विकायला काढली. आमच्या शहरात कुणी विचारीना. आता सगळ्यांना उंच गाड्या हव्यात, घोड्यावर बसल्यासारख्या! सीमेपलीकडच्या शहरात मात्र नव्या गाडीवर कर जबरी, म्हणून जुन्या सेडानला तिथं दीडपट भाव.

"काका, तुम्हीच पोचवा," ताई म्हणाली. "पण तिथला दलाल फार चिकित्सक आहे म्हणे. ठरलेला भाव देईल ना?"

"न देऊन सांगतो कुणाला! एका हाताची गाडी आहे. एक डाग निघाला तर मिशी उतरवीन."

वाटेत घाट लागला आणि साहेबांची फार आठवण आली. त्या वळणांवर मी शीळ घालत गाडी अशी काढायचो, की ज्याचं नाव ते! आरशात पाहावं तर साहेब डोळे मिटून शांत. "माझ्या गाडीत साहेबांची झोप मोडत नाही," असं चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. काय दिवस होते ते!

दलालानं गाडीभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेट उघडलं, काही सापडेना. मी मिशीवरून हात फिरवला. मग तो मागे जाऊन बसला, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "भाव कमी करावा लागेल."

माझं डोकंच सटकलं. "कशापायी? रोज पुसलीय ही गाडी! दाखवा कुठंय डाग!"

"दिसायचा नाही, हाताला लागेल. इथं बसा आणि ही दाराची मूठ धरा."

मागच्या सीटवर मी जन्मात बसलो नव्हतो. बसलो. मूठ धरली. वरून चामडं गुळगुळीत, पण आतल्या बाजूला, जिथं फडकं पोचत नाही तिथं, चार खोल खाचा होत्या. माझी चार बोटं बरोबर त्यांत बसली.

"मागे बसणारा जीव मुठीत घेऊन बसायचा वाटतं," दलाल हसला.

मला हसू येईना. सव्वीस वर्षं! अहो साहेब, एकदा तरी "हळू चालव" म्हणायचं होतंत! तो म्हणाला त्या भावाला किल्ली दिली, बसनं परतलो आणि आधी न्हाव्याकडे गेलो.

ताईनं दार उघडलं आणि बघतच राहिली. "अगंबाई! काका, मिशी?"

"डाग निघाला, ताई." मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

ती ऐकत होती, मग डोळे पुसत हसली. "मी बाबांना कितीदा म्हटलं, काकांना हळू चालवायला सांगा. तर म्हणायचे, नको गं, त्याची शीळ बंद पडेल."