गाडीखालचं पाणी

ज्योतिबाची गाडी अ‍ॅव्हरेज देईनाशी झाली, तेव्हा पहिल्यांदा त्याने पेट्रोलपंपाला शिव्या घातल्या. पंप बदलून पाहिला. मग टायरमधली हवा बघितली, प्लग साफ केले, एअर फिल्टर नवा टाकला. फरक नाही. वाशीच्या मार्केटात त्याने उभी हयात टेम्पो चालवला होता. इंजिनाच्या आवाजावरून त्याला दुखणं कळायचं, आणि या इंजिनाला दुखणंच नव्हतं.

गाडी त्याच्या बायकोच्या, वेणूच्या हौसेची. तो रिटायर झाल्यावर घेतलेली, रंगही तिनेच निवडलेला. एसीची हवा लागली की तिला शिंकांवर शिंका यायच्या, म्हणून दोघं काचा खाली करून हिंडायचे. वेणू गेली त्याला दिवाळीत वर्ष झालं. तरी एसीच्या बटणाला त्याचा हात कधी गेला नाही. ते बटण गाडीत आहे हेच तो विसरला होता म्हणा ना.

"बाबा, गाडी म्हातारी झाली," शिवतेज म्हणाला. शिवतेज त्याचा एकुलता एक. लॅपटॉपवर घरूनच काम करायचा. त्याची बायको प्रियदर्शिनी नोकरीसाठी पुण्याला होती, शनिवार-रविवार यायची. "विकून टाका. आता तुम्हाला कुठे जायचं असतं?"

"इंजिन ठणठणीत आहे. मग पेट्रोल जातं कुठे, तेवढं सांग."

शिवतेजने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

दुसरी किल्ली दत्तूकडे असायची. दत्तूचं कळंबोलीला गॅरेज. साताऱ्याकडचा, ज्योतिबाच्या शेजारच्या गावचा. ज्योतिबा गावी गेला की दत्तू येऊन गाडी चालू करून ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून.

"दत्तू? काहीतरी बोलू नको."

"मी कुठे काय बोललो? किल्ली कुणाकडे, एवढंच विचारलं."

ते विचारणं ज्योतिबाच्या डोक्यातून जाईना. एका रविवारी भल्या सकाळी, कंटेनरची वर्दळ सुरू व्हायच्या आत, त्याने टाकी गळ्यापर्यंत भरली आणि थेट द्रोणागिरीपर्यंत जाऊन आला. परत त्याच पंपावर टाकी भरली. गाडीने अगदी पहिल्यासारखं अ‍ॅव्हरेज दिलं. म्हणजे धावताना गाडी पेट्रोल खात नव्हती. पेट्रोल जात होतं ते उभ्या गाडीतून. उभ्या गाडीतून पेट्रोल जातं म्हणजे कुणीतरी काढतं.

तो तसाच कळंबोलीला गेला. गॅरेजात चार गिऱ्हाइकं होती.

"किल्ली दे माझी," तो म्हणाला.

"का वं दादा? गाडी इकली का काय?"

"गाडी आहे. पेट्रोल नाही राहत तिच्यात."

दत्तूला समजायला थोडा वेळ लागला. गिऱ्हाइकांना आधी समजलं. त्यातला एक हसला. दत्तूने आत जाऊन किल्ली आणली आणि ज्योतिबाच्या तळहातावर ठेवली.

"वैनी गेल्या त्या दिवशी कडू भाकर माझ्या घरनं आलती दादा," तो हळू म्हणाला. "ती खाल्लीस आन् आज मला चोर म्हणतोस व्हय?"

ज्योतिबा किल्ली घेऊन निघून आला. दोन्ही किल्ल्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवल्या. आता बघू, म्हणाला.

पुढची टाकी तशीच लवकर रिकामी झाली.

मे महिन्याचे दिवस. एका दुपारी औषध आणायला तो खाली उतरला, तर पार्किंगच्या कोरड्या फरशीवर त्याच्या गाडीखाली ओल दिसली. पेट्रोलच गळतंय म्हणून घाईघाईने वाकला, बोट लावलं, नाकाला नेलं. वास नाही. साधं पाणी. बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. सकाळपासून गाडी जागची हलली नव्हती. बंद काचेतून त्याने आत पाहिलं. शेजारची सीट मागे आडवी पाडलेली. वेणूची सीट.

एवढ्या उन्हाळ्यात गाडीखाली पाणी ठिबकतं ते एसीचं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. औषध न आणताच तो वर आला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो रोजच्यासारखा पलंगावर आडवा झाला आणि डोळे मिटून पडून राहिला. थोड्या वेळाने खिळ्यावरची किल्ली वाजली. दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला. तो उठला, खिळ्यावर उरलेली दुसरी किल्ली खिशात टाकली आणि चपला हातात घेऊन जिना उतरला.

गाडी चालू होती, काचा बंद. पण फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, त्यामुळे पुण्याची प्रियदर्शिनी खांबाआड उभ्या ज्योतिबालाही स्वच्छ ऐकू येत होती.

"फ्लॅट बघून आले. दोघांना पुरतो. बाबांचं काय?"

"बाबा गावी जातील. आधी गाडी विकली जाऊ दे. गाडी आहे तोवर ते हे कामोठ्याचं घर सोडायचे नाहीत."

"आणि तू रोज तिथे तासतासभर एसी लावून बसतोस, ते त्यांना कळलं म्हणजे?"

शिवतेज हसला. "त्यांना दत्तूकाकांचा संशय आहे. वाटू दे. बरंच आहे."

ज्योतिबाने काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आतली गार हवा त्याच्या तोंडावर आली.

"एसी बंद कर."

"बाबा... मी तुम्हाला सांगणारच होतो. घरात बोलता येत नाही, म्हणून..."

"गावाचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, ते राहू दे. दत्तूचं नाव मध्ये का आणलंस?"

"मी नाव घेतलं नव्हतं. तुम्हीच..."

"उतर. तुझ्या आईची जागा आहे ती."

शिवतेज उतरला. ज्योतिबाने वाकून सीट सरळ केली, सगळ्या काचा खाली घेतल्या आणि कळंबोलीची वाट धरली. वाटेत त्याने बोलायची वाक्यं जुळवली, पण गॅरेजात पोचल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना. त्याने नुसती दुसरी किल्ली पुढे केली.

"शिवतेज होता," एवढंच म्हणाला. "घरचाच निघाला. मी चुकलो दत्तू."

दत्तू फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"किल्ली नगं दादा. पुन्यांदा कवा पेट्रोल कमी पडलं, तर पयला माझ्याच दारात येशील." मग म्हणाला, "गाडीचं काय काम निघालं तर आण. करून देईन."

ज्योतिबा परत आला तेव्हा शिवतेजने चहा टाकला होता. "बाबा, चहा," तो स्वयंपाकघरातून म्हणाला, जसं काही झालंच नाही. ज्योतिबाने सवयीने खिळ्याकडे हात नेला. मग दोन्ही किल्ल्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या, वरून खिसा चाचपला आणि तसाच चहाला बसला.