उजवं मडगार्ड एर्मेसचं

माझा नवरा एर्मेस आणि माझा सख्खा धाकटा भाऊ लेआर्को, दोघेही पत्रा ठोकणारे. इटलीतल्या आमच्या मोदेनात त्या काळी हा धंदा मानाचा होता. मोटारींच्या बड्या कंपनीकडून नुसता सांगाडा आणि इंजिन यायचं, चाकांवर उघडंनागडं, आणि त्याच्या अंगावर पत्र्याचं कातडं चढवायचं काम झानासीच्या कारखान्यात व्हायचं. मी तिथंच मागच्या खोलीत सीटांचं चामडं शिवायची. नवराही तिथं, भाऊही तिथं. लाकडी मोगऱ्यांचा ठोका ऐकून मला कळायचं, कोण आज खुशीत आहे आणि कुणाचा कालचा राग अजून उतरलेला नाही.

नकाशे होते, नाही असं नाही. पण ते भिंतीवर लावायला. खरं काम चालायचं तारेच्या एका ढाच्यावर. झाडाच्या ओंडक्यात खळगा करायचा, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा धरायचा, मोगरीनं ठोकून बाक आणायचा, ढाच्यावर लावून बघायचं, पुन्हा ठोकायचं. लेआर्को डावखुरा, म्हणून गाडीची डावी बाजू त्याची. उजवी एर्मेसची. त्यामुळे एक गाडी दुसरीसारखी कधी झालीच नाही. एकीला पुढच्या चाकामागे तीन फटी, तर पुढच्या गाडीला चार, कारण झानासीला त्या दिवशी चार बऱ्या वाटल्या. पेट्रोलचं झाकण कधी या बाजूला, कधी त्या. एका गाडीचं दार दुसरीला लावायला जाल तर बंदच व्हायचं नाही. याला कुणी दोष म्हणत नव्हतं. सख्ख्या भावंडांची नाकं तरी कुठं सारखी असतात?

दोष काढला तो मिलानच्या एका गिऱ्हाइकानं. गाडी घ्यायला आला, समोर लांब जाऊन उभा राहिला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "ही माझ्याकडे बघून डोळा मारतेय."

खरंच होतं. उजवा हेडलाइट डाव्यापेक्षा बोटभर वर होता. झानासी लाल झाला. सगळ्यांच्या देखत ओरडला, "कुणाची चूक आहे ही?"

एर्मेसनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, "माझी बाजू ढाच्याप्रमाणे आहे."

एवढंच. पण त्याचा अर्थ काय होतो ते कारखान्यात सगळ्यांना कळत होतं. लेआर्कोनं मोगरी खाली ठेवली, खुंटीवरचा कोट काढला आणि निघून गेला. परत आला नाही. नोनान्तोलाच्या रस्त्यावर आपल्या घराच्या मागे त्यानं स्वतःची शेड टाकली.

ती गाडी शेवटी जवळच्या कार्पी गावच्या एका डॉक्टरनं नेली. "डोळा मारणारी?" तो म्हणाला होता. "मग मला हीच पाहिजे. घरी कुणीतरी मारू दे मला डोळा."

त्यानंतर माझा नवरा आणि माझा भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलं. आईच्या मयतालासुद्धा दोघांनी खांदा दिला, पण एकानं पुढून आणि दुसऱ्यानं मागून. नाताळात मी सारण भरलेल्या तोर्तेल्लिनीचं एक भांडं घरी ठेवायची आणि दुसरं सायकलच्या टोपलीत घालून भावाकडे न्यायची.

"जेवतो का तो गाढव?" लेआर्को विचारायचा.

घरी आले की एर्मेस विचारायचा, "खोकला गेला का त्या खेचराचा?"

झानासी वारला, कारखाना बंद झाला. मग एर्मेसला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून तो बसून राहायचा. बोलायचा, पण शब्द तोंडात ओल्या पावासारखे व्हायचे, आणि लाजून गप्प बसायचा. लेआर्कोनं माझ्या हाती लाम्ब्रुस्को वाइनची एक बाटली पाठवली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. एर्मेसनं ती माझ्याकडून उघडून घेतली आणि म्हणाला, "आंबट आहे." तरी पुरी संपवली.

अशा दिवसांत ती गाडी परत आली.

कार्पीच्या डॉक्टरची मुलगी इलारिया, गुरांची डॉक्टरीण. वडील गेल्यावर गाडी तिच्याकडे आली होती. धुक्यात कालव्याच्या दगडी खांबावर आदळली. तिला फक्त कपाळावर टाके पडले, पण गाडीचा उजवा पुढचा भाग चुरगळलेल्या कागदासारखा झाला. गाडी ट्रकवर लादून, विचारत विचारत ती लेआर्कोच्या शेडपर्यंत आली, तेव्हा मी तिथं सुपाचं भांडं घेऊन उभी होते.

लेआर्कोनं गाडीवरची ताडपत्री उचलली आणि त्याचा चेहरा बदलला. आधी डाव्या बाजूवरून हात फिरवला, आपलंच जुनं काम. मग चुरगळलेल्या बाजूकडे, एर्मेसच्या कामाकडे बघितलं, आणि देवाशप्पथ सांगते, तो हसला.

"डॉक्टरीणबाई, काळजी करू नका," तो म्हणाला. "आता ही बाजू सरळ होणार."

मला कळलं तो काय म्हणतोय ते. तिला कळलं नाही.

त्या कामात तो इतका रमला की जेवायला हाक मारली तर खेकसायचा. आपल्या डाव्या मडगार्डावर कागद लावून माप घेतलं, कागद उलटा केला आणि त्याबरहुकूम उजवं ठोकलं. असं सुरेख काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन्ही डोळे एका रेषेत. इलारिया आली, बराच वेळ समोर उभी राहिली.

"सुंदर झालंय," ती हळूच म्हणाली. "पण ही बाबांची गाडी नाही."

"म्हणजे?"

"मी लहान असताना बाबा मला शाळेतून न्यायला यायचे. धुक्यात वीस गाड्या उभ्या असायच्या. एकच डोळा मारायची. मी धावत जायचे." तिनं हेडलाइटवर हात ठेवला. "हिनं डोळा मारायचं थांबवलंय."

"ती चूक होती, बाई! मी चूक दुरुस्त केलीय!"

"कुणाची चूक?" तिनं साधेपणानं विचारलं.

लेआर्कोनं माझ्याकडे बघितलं. मी सुपाच्या भांड्याकडे बघितलं.

ती गेल्यावर त्यानं शिव्या घातल्या, मग मडगार्ड उतरवलं आणि पुन्हा सुरू केलं. हेडलाइट वर न्यायला काय लागतं? बोटभर तर न्यायचा. पण जमेना. दिवा वर गेला की मडगार्डाचा खांदा फुगायचा, खांदा दाबला की चाकावरची कड लोंबायची. मी आठवडाभरानं गेले तर शेडमध्ये फेकून दिलेले पत्रे पडलेले, आणि हा त्यांच्यामध्ये बसलेला.

"त्यानं कसं केलं होतं हे?" तो म्हणाला.

"विचार ना त्याला."

"मेलो तरी नाही."

मग मात्र माझा तोल गेला. "मी दोन घरांची पोस्टमन झालेय! तुम्हा दोघांची तोंडं शिवायला हवी होती मी, चामड्याच्या सुईनं. त्याची जीभ गेली, हात गेला. उद्या तोच गेला तर कुणावर रुसशील? मडगार्डावर?"

मी सायकल घेतली आणि निघून आले.

मंगळवारी सकाळी दार वाजलं. दारात लेआर्को, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत पत्र्याचा तुकडा. जणू मडगार्ड नव्हे, फुलांचा गुच्छच आणलाय. आत आला, एर्मेससमोर उभा राहिला.

"म्हातारा झालास," लेआर्को म्हणाला.

एर्मेसनं जड जिभेनं, एकेक शब्द लोटत उत्तर दिलं, "तू... आधीपासून... होतास."

लेआर्कोनं पत्रा त्याच्या मांडीवर ठेवला. एर्मेसनं डावा तळवा त्यावरून फिरवला. डोळे मिटले. तळवा कडेपर्यंत गेला, परत आला, एका जागी थांबला आणि नखानं टकटक केलं.

"इथं," तो म्हणाला. "इथनं... मागून. तू पुढून... ठोकतोस. गाढवा."

"मागून ठोकला तर पत्रा फाटेल!"

"माझा... नाही फाटला."

मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले. रडताना मला दोघांनी बघितलेलं नको होतं.

लेआर्कोनं त्याला आपल्या तीनचाकी टेम्पोत बसवलं, पायांवर घोंगडी घातली आणि शेडवर नेलं. त्यानंतर रोज. एर्मेस खुर्चीत बसायचा, डाव्या हातानं खडूची खूण करायचा, लेआर्को ठोकायचा. "थांब." "हळू." "बहिरा आहेस का?" अशी आरडाओरड रस्त्यापर्यंत ऐकू यायची. बोलताना शब्द अडला तर एर्मेस आधी लाजायचा, पण लेआर्को मुद्दाम चुकीचा शब्द सुचवायचा आणि हा चिडून बरोबर शब्द बोलून दाखवायचा. डॉक्टरांच्या व्यायामांनी जे झालं नव्हतं ते भांडणानं व्हायला लागलं.

एकदा मी विचारलंच, "मग त्या दिवशी चूक होती कुणाची?"

"याची," दोघं एकदम म्हणाले.

तारेचा ढाचा केव्हाच भंगारात गेला होता. आता कोण मोजणार? त्यांनी तासभर वाद घातला आणि मग भूक लागली म्हणून थांबले.

इलारिया आली त्या दिवशी लख्ख ऊन होतं. रंग अजून चढला नव्हता, उजवं मडगार्ड उघड्या अॅल्युमिनियमचं, चमकणारं. ती फाटकापर्यंत मागे गेली, वळून बघितलं आणि तोंडावर हात धरला. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

"मारतेय," ती म्हणाली. "डोळा मारतेय."

"वाकडीच आहे ती," लेआर्को पुटपुटला.

इलारियानं एर्मेसला पुढच्या सीटवर बसवलं आणि कालव्याच्या रस्त्यानं फिरवून आणलं. परत आल्यावर त्याचे केस उडालेले, गाल लाल झालेले.

त्यानंतर एर्मेस आणखी तीन हिवाळे जगला. शेडमध्ये काम असो नसो, लेआर्को त्याला न्यायला यायचाच. रविवारी मात्र तो आमच्याकडे जेवायला यायचा, आणि दोघांची तोंडं एकदा सुरू झाली की मला मीठ मागायलासुद्धा जागा मिळायची नाही.