नारळ नसलेल्या गावची खवणी

मित्रांनो, जरा जपून बसा. पाय मागे घ्या. म्हातारी झाले तरी माझ्या पात्याला अजून धार आहे. मी काशीतल्या एका मराठी घरातली विळी. भाजी चिरते ते माझं पातं, आणि पात्याच्या टोकाला ही दातेरी चकती दिसते ना, ती माझी खवणी. नारळ खवायची. आता काशीत कसला आलाय रोजचा नारळ, असं तुम्ही म्हणाल. तेच तर सांगायचं आहे. मध्येच दमले तर रागावू नका.

माझा जन्म राजापूरजवळच्या खेड्यातला. लोहाराने मला घडवलं, फणसाच्या पाटावर बसवलं, आणि सीता नावाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईने मला तिच्या संसाराला दिलं. सीतेच्या नवऱ्याला, काशीनाथभटाला, काशीत राहून वेद शिकायचा होता. "शिकून झालं की परत येऊ," असं सगळ्यांना सांगून दोघं निघाली. तारवातून मुंबई, मुंबईहून इंग्रजांची आगगाडी. तेव्हा गंगेवर पूल नव्हता. गाडी अलीकडच्या तीरावरच थांबायची, पुढे होडी. होडीत मी गाठोड्यात होते, तरी सीतेचे हुंदके मला ऐकू येत होते.

रामघाटावर बिऱ्हाड झालं. काशीनाथभट शिकला आणि मग त्याच पाठशाळेत शिकवायला लागला. परत जायचं पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्याही पुढच्या. कधी कुणी आजारी, कधी पाठशाळा सोडवेना. दरम्यान मी परवल चिरले, नेनुआ म्हणतात ती घोसाळी चिरली, डोंगराएवढे भोपळे चिरले. माझं पातं झिजून अर्धं झालं आणि टोकाची खवणी मात्र नवी कोरी. शेजारची पंडाइन, घाटावरच्या पंड्याची बायको, यायची, माझ्याकडे बोट दाखवून विचारायची, "ई दाँत काहे बदे हौ?" हे दात कशासाठी? सीता नुसती हसायची.

वर्षातून एकदा, गणेशचतुर्थीला, कलकत्त्याहून आलेला एखादा नारळ बंगाली टोल्यातून, तिथल्या बंगाल्यांच्या वस्तीतून, मिळायचा. त्या दिवशी सीता सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर घालवायची. लेक गंगा डोकावली तरी म्हणायची, "लांब हो गो, बोट कापेल." खरं सांगू? बोट हे निमित्त. तेवढा वेळ तिला एकटीला हवा असायचा. डोळे मिटून ती खवायची, आणि आम्ही दोघी राजापुरात जाऊन यायचो. काम झालं की मला पुसून, आडवी करून भिंतीशी ठेवायची. विळी उभी ठेवू नये, कुणाच्या पायाला लागते, हे तिच्या आईने शिकवलेलं.

गंगा काशीतच जन्मली, काशीतच वाढली. त्या काळाच्या मानाने लग्नाची झाली, तेव्हा राजापूरच्या अन्नपूर्णाकाकू यात्रेला आल्या आणि सीतेकडेच उतरल्या. सोबत घरच्या झाडाचे दोन नारळ. त्यांचा मुलगा दिनानाथ लग्नाचा होता. गंगा त्यांच्या मनात भरली, आणि सीतेच्या अंगात जणू वारं शिरलं. "मी नाही परत गेले," ती नवऱ्याला म्हणाली, "माझी लेक तरी जाईल हो. एवढं होऊ दे, मग मला काही नको."

गंगेने फक्त एकदा विचारलं, "आई, तिथे घाट आहेत?"

"समुद्र आहे गो! केवढा!"

"हाँ, पण घाट?"

सीतेला ते ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाकाकू चुलीपाशी बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "गंगे, आमटीला एवढा नारळ खवून दे गो." परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती हो. कोकणात कुठल्याही पोरीला कुणीही सांगतं तसं सांगितलं. पण कणीक मळता मळता सीतेचे हात थांबले. पाहुणीसमोर मध्ये पडायची सोय नव्हती.

गंगा उत्साहाने बसली. तिने दगड घेतला आणि नारळाला चहूबाजूंनी हळूहळू ठोकायला लागली. करवंटीचे तुकडे गळाले, आतला गोळा अख्खा तिच्या हातात आला. "आई, बघ! गरी साबूत निघाली!" काशीत प्रसादाला असंच करतात. गोळा न फुटता निघाला की पोरीची वाहवा होते. मग तिने माझ्या पात्यावर त्याच्या पातळ, सारख्या चकत्या केल्या आणि ताटली काकूंपुढे ठेवली.

"अगो बाई!" काकू हसल्या. "करवंटीच काढलीस? आता धरायचं काय नि खवायचं काय?"

गंगा माझ्या खवणीकडे बघायला लागली. "म्हणजे हे दात त्यासाठी असतात?"

मला रडता आलं असतं तर तेव्हा रडले असते. जन्मापासून ही पोर माझ्यासमोर, माझ्यावर बसून चिरायला शिकली, आणि मी कशासाठी आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काकूंचं हसूही विरलं. सीता पुन्हा कणीक मळायला लागली.

निघताना काकूंनी सीतेचा हात धरला. "पोर गुणाची आहे, सीते. राग मानू नकोस. पण ती इथली आहे. तू इथे येऊन रडलीस, ती तिथे येऊन रडेल. कशाला हे पुन्हा करायचं?" उरलेला नारळ त्या सीतेच्या ओटीत घालून गेल्या.

दुपारभर सीता उंबऱ्यावर बसून होती. मला आडवी करायचंही तिला सुचलं नाही. मग ती उठली, नारळ फोडून त्याच्या दोन वाट्या केल्या आणि गंगेला हाक मारली. "ये, बस. अशी धर. फिरवत राहा, करवंटीपर्यंत जाऊ नकोस." पण गंगा गेलीच. खोबऱ्यात तपकिरी कीस पडला. मग बोट कापलं. सीतेने तिला ओढायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पुसून चिंधी बांध. नि पुढे खव."

गंगा खवत राहिली. थोड्या वेळाने वर न बघता म्हणाली, "आई, आता मला जावं नाही ना लागणार?"

सीतेने तिच्याकडे पाहिलं. बोटावर चिंधी बांधलेली ती पोर, तिची लेक. "नाही गो," ती म्हणाली. "आता कुणीच जाणार नाही." आणि ताटातला तो मळकट कीस चिमूटभर तोंडात टाकून रडायला लागली. "गोड आहे," म्हणत होती आणि रडत होती.

गंगेचं लग्न काशीतल्याच दूधविनायक मोहल्ल्यातल्या वेणीमाधवाशी झालं. गल्ल्यांतून चालत जाण्याएवढं सासर. सीतेने मला तिच्यासोबत दिलं. दर गणेशचतुर्थीला गंगा खवायची, आणि चांगलं खवायची. पुढे सीता गेली. घाटाखालच्या नदीतच तिची राख मिसळली. आता आगगाडी पुलावरून थेट काशीत येते. गंगाही म्हातारी झाली आहे. तिची नात लीला माझ्यापाशी आली की सून ओरडते, "दूर हट, उँगली कट जाएगी!" आणि मी जिन्याखाली तशीच गंजत उभी.

मित्रांनो, थकले रे मी. नुसतं जपू नका मला. लीलेला बसवा माझ्यावर. बोट कापलं तर चिंधी बांधा, कीस मळकट झाला तर तसाच खा. तिने विचारण्याआधी तिला सांगा, हे दात कशासाठी आहेत ते. आणि तिचं खवून झालं की मला पुसून आडवी करा. फार वर्षं उभी आहे मी.