बिस्किटी रंगाचा प्लग

डोळ्याची पट्टी काढून घरी आलेल्या वहिनीनं पहिलं वाक्य टाकलं ते सुनेच्या अंगावरच.

"भिंती कधी रंगवल्यास गं? मी दवाखान्यात काय गेले, तू घराची मालकीण झालीस?"

"कुणी नाही रंगवल्या, आई. पांढऱ्याच होत्या."

"मला शिकवू नकोस. चार वर्षं बघतेय, सायीच्या रंगाच्या होत्या."

"साय तुमच्या डोळ्यावर होती," सून बोलून गेली, आणि जीभ चावत आत पळाली.

एरवी या उत्तरावर वहिनीनं तिच्या माहेरच्या तीन पिढ्या काढल्या असत्या. आज तिला दवाखान्यातलं बोलणं आठवलं. डॉक्टर म्हणाला होता, "मोतीबिंदू पिकून तपकिरी झाला होता, बाई. चहाच्या ग्लासातून जग बघत होता तुम्ही." तिनं लगेच ऐकवलं होतं, "त्या ग्लासातून मी जेवढं बघितलं, तेवढं तुम्ही दुर्बिणीतून बघितलं नसेल." आता तिनं नवा, उजवा डोळा तळहातानं झाकला. भिंत सायीची झाली. डावा झाकला. भिंत चुन्यासारखी पांढरी. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मग ती कठडा न धरता जिना उतरून खाली दुकानात गेली.

दुकान म्हणजे नदीच्या धक्क्याला लागून असलेली एक लांबट खोली. होड्यांची छोटी इंजिनं, फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, जी जी यंत्रं पेट्रोलमध्ये तेल कालवून चालतात ती सगळी इथं यायची. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता कुलूप लागणार. कुलूप लागलं ते लोकांच्या तोंडाला. दोन इयत्ता शिकलेल्या या बाईला पाटी वाचता येत नव्हती, पण इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा रंग वाचण्यात तिच्या पासंगाला कुणी पुरलं नाही. इंजिन भरधाव सोडायचं, आणि वेग मुळीच कमी न करता एकदम बंद करायचं; हळू करून बंद केलं तर प्लग खोटं बोलतो. मग लगेच पान्यानं प्लग काढायचा आणि टोकाची चिनी माती बघायची. काळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरी असेल तर पेट्रोल कमी, इंजिन आतून भाजतंय, आज ना उद्या पिस्टन चिकटून जागच्या जागी बंद पडणार. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर गंगेत घोडं न्हालं.

प्रत्येक इंजिनातून काढलेला शेवटचा प्लग ती फळीवर खिळ्याला लटकवायची. अक्षरांऐवजी दोऱ्याच्या गाठी. तीन गाठी आणि लाल चिंधी म्हणजे लांब्याचा.

लांब्या होडीवाला होता. चार महिन्यांपूर्वी भर दुपारी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला त्याचं इंजिन धारेत बंद पडलं. होडी बंधाऱ्यावरून खाली गेली. होडी सापडली, लांब्या तिसऱ्या दिवशी सापडला. धक्क्यावर सगळे जमले, तेव्हा वहिनीनं त्या इंजिनाचा प्लग सर्वांसमोर काढला आणि हात उंच करून दाखवला. "बघा! बिस्किटी आहे की नाही? माझं काम चोख. भाऊजींनी पेट्रोलमध्ये तेल कमी घातलं, म्हणून पिस्टन चिकटला." धक्क्यावरच्या चाळीस डोळ्यांनी बघितलं आणि माना हलवल्या. दुकानात पेट्रोल-तेल कालवणारा तिचा दीर खाली बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी लांब्याच्या मेव्हण्यानं त्याला लाकडाच्या वखारीमागं गाठला आणि वल्ह्यानं त्याचा उजवा हात मोडला. वहिनीनं त्याची पेटी दाराबाहेर ठेवली.

आता तिनं तीन गाठींचा प्लग काढला. हाडासारखा पांढरा होता. टोकावर वितळलेल्या पिस्टनचे मोहरीहून बारीक चकचकीत दाणे. उजवा डोळा झाकला तर तोच प्लग बिस्किटी, नीटनेटका.

ती स्टुलावर बसली. डोकं मात्र थांबलं नाही. डोळाच तपकिरी, तर खरा बिस्किटी प्लग मला काळपट दिसला असणार. मग मी काय केलं? पेट्रोल आत सोडणारं जेट एक नंबर बारीक भोकाचं बसवलं. मग तो खरं तर पांढरा झाला, मला बिस्किटी दिसला, आणि मी म्हटलं, वा, आता जमलं. आणि होडीवाले काय म्हणाले? वहिनी, काय पळतंय इंजिन, पेट्रोलही कमी पितंय! भाजायला निघालेलं इंजिन सुरुवातीला असंच पळतं. हे तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर पहिल्या आवाजात तिनं ओळखलं असतं.

फळीवर अजून पाच होड्यांचे प्लग होते. नव्या डोळ्यानं बघितले. पाचही पांढरे.

हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. गुपचूप एकेक होडी बोलावून जेट बदलता आलं असतं. तिनं तो विचार केला, खोटं कशाला बोला. पण होड्या आत्ता पाण्यात होत्या आणि हात मोडलेला माणूस वखारीमागच्या खोलीत. ती तीन गाठींचा प्लग मुठीत घेऊन निघाली.

भाऊजी दारातच बसले होते, डाव्या हातानं कांदा चिरायची खटपट करत. उजव्या हाताची तीन बोटं लाकडासारखी ताठ. तिला बघून उठले नाहीत.

"भाऊजी, हा बघा."

"बघितलाय."

"कधी?"

"तुम्ही हात वर करून दाखवत होता तेव्हा. त्याच्या आधीही. इंजिन लावलंत त्या दिवशी."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? माणूस गेला! बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. गवताच्या यंत्राच्या वेळी. म्हटलं, वहिनी, मला हा पांढरा वाटतो." भाऊजींनी सुरी खाली ठेवली. "तुम्ही काय म्हणालात आठवतंय? भरल्या दुकानात? म्हणालात, भाऊजी, रंग कसले ओळखताय, बायकोचा रंग ओळखता आला नाही, ती गेली दुसऱ्याच्या मागे."

तिला आठवत होतं. पोट धरून हसलेली गिऱ्हाइकंही आठवत होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपल्याच वाक्यावर ती पुन्हा एकदा हसली होती.

"त्यानंतर मी ठरवलं," भाऊजी म्हणाले, "तुमचं दुकान, तुमचे डोळे. जे होईल ते होईल. आणि झालं. तेवढं माझ्याही वाट्याला आहे. रोज बघतो मी त्याला, पाण्यातून काढला तसा."

"अजून पाच आहेत, भाऊजी."

भाऊजी उठले.

धक्क्यावर चार होड्या बांधलेल्या होत्या. पाचवी, लांब्याच्या मेव्हण्याची, नव्हती. लांब्याची बायको पालथ्या होडीवर बसून तळाचं शेवाळ लोखंडी पत्रीनं खरवडत होती. हल्ली ती अशा मजुरीवरच पोट भरायची.

"तुझा भाऊ कुठाय गं?" वहिनीनं विचारलं.

"पलीकडं गेलाय. येईल आता. का?"

वहिनीनं सांगितलं. उभ्यानं, मोठ्या आवाजात, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं. माझा डोळा गेला होता. प्लग पांढरा होता. भाऊजींनी तेल बरोबर घातलं होतं. लांब्या माझ्या हातानं गेला. पुढं एक चांगलं वाक्य सुचलं होतं, रचलेलं, ठसक्याचं. ते तिनं गिळलं.

मग बंधाऱ्याच्या वरच्या वळणावरून इंजिनाचा आवाज आला, बारीक, तीक्ष्ण, सुरेख. भाऊजी धक्क्याच्या टोकाला धावले आणि चांगला हात हलवत ओरडले, "वेग कमी कर! काठाकाठानं ये! धारेत जाऊ नको!"

मेव्हण्याला ऐकू गेलं नाही. किंवा हा माणूस आपल्याला काय सांगणार, असं वाटलं. तो धारेतूनच आला, बंधाऱ्याच्या तोंडावरून तिरका, आणि तेवढा वेळ त्याची बहीण हातातली पत्री धरून उभी राहिली. होडी धक्क्याला लागली.

"वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही बघा!" तो उडी मारत म्हणाला. "पाखरासारखी पळते."

त्याला बहिणीनंच सांगितलं, दोन वाक्यांत. तो भाऊजींच्या हाताकडे बघत राहिला, मग स्वतःच्या.

"पाना दे," भाऊजी त्याला म्हणाले. त्यांनी तो प्लगवर लावला, पण पकड बसेना. डाव्या हातात तेवढा जोर नव्हता. दोनदा निसटला. शेवटी मेव्हण्यानं पुढं होऊन पाना धरला आणि फिरवला. भाऊजींनी फडक्यात प्लग घेतला. टोकावर दाणे होते.

"अजून दोन-चार फेऱ्या," ते म्हणाले.

मेव्हण्यानं होडीचा दोर दोन वेढे घेऊन खुंट्याला बांधला.

लांब्याच्या बायकोनं तो प्लग मागून घेतला, उलटसुलट केला, आणि वहिनीला परत दिला. "मला यातलं काय कळतं? तुम्ही म्हणालात बिस्किटी, मी म्हटलं बिस्किटी. भावाला सांगितलं, जा, त्याचा हात मोड. आता म्हणताय पांढरा. मी म्हणते पांढरा." तिनं पत्री उचलली. "जाणारा गेलाच."

"उद्यापासून दुकानात तुम्ही बसा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "प्लग तुम्ही बघायचा, पाना मी फिरवीन."

"तुमच्या दुकानाची पायरी मी चढणार नाही."

"मग?"

"इथं बघीन. धक्क्यावर. सगळ्यांदेखत."

वहिनीनं पदर खोचला आणि पुढच्या होडीत उतरली. प्लग तिनंच काढला, पण बघितला नाही; भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला, होडीवाल्याकडे दिला, आणि होडीवाल्यानं होडी काठावर ओढायला घेतली.