पाटीचे चार खिळे

मित्रांनो, मी एक जुनी ऐरण आहे. हिंगोलीतल्या एका नव्या घराच्या फाटकाशी, जास्वंदीच्या कुंडीजवळ मी बसलेली असते. येणारे-जाणारे माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात. बांधू द्या. जिने इतक्या वर्षांचे घण झेलले, तिला बुटाचं काय? आमच्या सोनाजीने पाहिलं तर मात्र बांधणाऱ्याची खैर नसते. ऐरणीला पाय लावू नये, असं तो मानतो. माझ्या बाजूने बोलणारं आता तेवढंच एक माणूस उरलं आहे.

माझा जन्म इथला नाही. मी विलायतेत घडले. निजामाच्या राज्यात पूर्णा-हिंगोली रेल्वे टाकली जात होती, तेव्हा रुळांच्या कामासाठी मला इकडे आणलं. त्या वेळी माझ्या कुशीवर इंग्रजी अक्षरं होती. मला घडवणाऱ्याचं ते नाव. रेल्वेचं काम संपलं, मी मोडीत निघाले, आणि सोनाजी लोहाराच्या आजोबाने मला बैलगाडीत घालून शिरड शहापूरला आपल्या भात्यासमोर आणून बसवलं. पुढे घण पडत गेले तशी ती अक्षरं झिजली. आज बोट फिरवलं तरी लागत नाहीत. नाव गेलं, मी राहिले. एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

लोहाराच्या दारात माणूस फार लवकर ओळखू येतो, कारण तो तिथे घाईत असतो. पेरणी तोंडावर आली की फाळ, वखराची पास, खुरपी, कुऱ्हाडी यांचा ढीग लागायचा, आणि ज्याचं काम कमी त्याचीच घाई जास्त असायची. कोण दुसऱ्याच्या पेटलेल्या कोळशात आपलं खुरपं हळूच सरकवतो, कोण भाता ओढायची वेळ आली की तंबाखू मळायला लागतो, हे मी बसल्या जागी पाहत असे. पण सगळ्यात मोठी गंमत हाकेची. फाळ मोडका असेपर्यंत माणूस म्हणायचा, "सोनाजीभाऊ, तेवढं बघा की." फाळ नीट होऊन हातात पडला की तोच माणूस वेशीतून ओरडायचा, "लोहाऱ्या, उद्या कुऱ्हाड पाठवतो बरं!" फाळ नीट करता करता भाऊ कुठे गळून पडायचा, ते मला अजून कळलेलं नाही. सोनाजी हसून सोडून द्यायचा. त्याचा नातू स्वप्निल मात्र भात्याजवळ बसून ऐकायचा, आणि तो हसायचा नाही.

मग ट्रॅक्टर आले. त्यांची अवजारं कारखान्यातून तयार येऊ लागली. माझ्यासमोरची आग कधीमधी पेटायची, मग सणासुदीला, मग खंडेनवमीला हळद-कुंकवापुरती. घणाच्या आवाजाने सोनाजीचे कान गेले होते. आता ऐकायला घणच नव्हता.

स्वप्निल शिकला आणि हिंगोलीत एका हळदीच्या कंपनीत लागला. तिथली यंत्रं त्याच्या ताब्यात. त्याने शहरात घर बांधलं, आणि वास्तुशांतीच्या थोडं आधी बायकोला घेऊन गावी आला. बायको पुनम, शाळेत इंग्रजी शिकवते. सोबत त्याचा शाळेपासूनचा मित्र भीमराज होता, तो वसमतला वकिली करतो. मोटारसायकल स्वप्निलने माझ्याच शेजारी उभी केली. तिच्या टाकीवर एका लाल महागड्या गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं.

ओसरीवर चहा झाला आणि स्वप्निलने सांगायला सुरुवात केली. "आबा, आमच्या कंपनीत विलायतेहून साहेब आलता, हळद बघायला. स्मिथसाहेब. मशिनीचं पातं मी हातानं ठोकून बसवलं होतं ना, ते बघून त्यानं माझा हात हातात घेतला. म्हनला, ही कला कुठं शिकला?"

"मंग? काय सांगितलं?" सोनाजीने कानामागे हात धरला.

स्वप्निल चहाच्या कपात बघू लागला. उत्तर पुनमने दिलं. "सांगितलं, आपलं आपणच शिकलो. घरी शेती असते."

सोनाजीला ऐकू आलं नसेल असं मला आधी वाटलं. पण त्याने कप खाली ठेवला आणि अंगणात माझ्याकडे पाहिलं. ऐकू आलं होतं.

"अन् आबा, गंमत म्हणजे," पुनम म्हणाली, "तो साहेब स्वतःच लोहार होता."

"कोण?"

"स्मिथ म्हणजे लोहार! जुन्या इंग्रजीत धातू घडवणाऱ्याला स्मिथ म्हणत. सात-आठशे वर्षांपूर्वी धंद्यावरून माणसाला नाव पडायचं, मग ते पोराला, नातवाला लागत गेलं. बेकर म्हणजे पाव भाजणारा, पॉटर म्हणजे कुंभार, टेलर म्हणजे शिंपी. अन् इंग्लंडात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव कोणतं म्हणाल, तर हेच. स्मिथ."

सोनाजी विचारात पडला. "समद्यात जास्त लोहार? मंग तिकडं शेती कोण करून राहिलं?"

सगळे हसले. पुनम म्हणाली, "शेती तर सगळेच करायचे, आबा. म्हणून तर शेतकरी म्हटलं की कुणाचीच ओळख पटायची नाही. लोहार गावात एकच. तो म्हटलं की झालं. अन् असा एकेक गावोगावी होता, म्हणून आज इतके झाले. फक्त इंग्लंडातच नाही. जर्मनीत श्मिट, अरबांत हद्दाद, सगळे लोहारच. आणि ह्यांच्या टाकीवर जी गाडी आहे ना, फेरारी? इटलीत ते आडनावही लोहारावरूनच आलंय."

"बघ," सोनाजी म्हणाला, "लोहाराच्या गाडीचं चित्र मिरवतो, अन् घरचा लोहार लपवून ठेवतो."

चेष्टा होती, पण लागली. स्वप्निलने तेव्हाच सांगून टाकलं, की आडनाव बदलायचं ठरवलं आहे. शिरडकर. नव्या घराची पाटीसुद्धा तयार आहे, सरकारदरबारी कागद नंतर करू.

"तिकडचं सोडा," तो म्हणाला. "स्मिथ मास्तर झाला, मंत्री झाला, तरी त्याला कुणी इचारत न्हाई, का रे बाबा, तुझा घण कुठंय. इथं माझ्या वर्गातली पोरं बाकावर ठकठक करून मला हाक मारायची. आबाला भाऊ म्हनून काम करून घ्यायचे अन् पाठ फिरली की लोहाऱ्या. मी ऐकलंय ते. माझ्या लेकराला ते ऐकवायचं न्हाई."

मित्रांनो, मी ऐरण आहे, घाव खोटा की खरा हे मला कळतं. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तिकडे धंदा सुटला आणि नाव नुसतं नाव राहिलं. आपल्याकडे धंदा सुटला तरी नाव माणसाला जुन्या जागी बसवून ठेवतं. बाकीचा हिशेब मला जमतो, हा मात्र आजवर जुळला नाही.

इतका वेळ गप्प असलेला भीमराज बोलला. "बदल की. कुणी अडवलंय? माझ्या बापानं बी बदललं. गावानं दिलेलं नाव टाकलं, आपलं आपण घेतलं. मला काय म्हनायचे ते तर तू इचारूच नको."

"मग झालं तर."

"न्हाई झालं. माझ्या बापानं मान वर करायला नाव बदललं. तू मान खाली घालून बदलून राहिला. त्या साहेबानं इचारलं तवा तुझ्या तोंडातून आबाचं नाव काहून निघालं न्हाई, ते आधी बघ. पाटीचं मंग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजीने भाता झटकला आणि किती तरी दिवसांनी माझ्यासमोर आग पेटवली. नव्या घराला खिळा लागणार होता.

ही आमच्या गावाची रीत. नव्या घराच्या उंबऱ्याला बाजारचा खिळा चालत नाही, लोहाराने घडवलेला लागतो. तो ठोकायला लोहारच येतो. पहिला घाव घालण्याआधी मोठ्याने विचारतो, "घर कुणाचं?" घरधन्याने आपलं नाव तोंडाने सांगायचं, मगच खिळा आत जायचा. सोनाजीने उभ्या गावाला असं विचारलेलं आहे. पण लोहाराच्या स्वतःच्या घराला लोहाराने खिळा ठोकायचा नसतो. न्हावी आपली आपण हजामत करत नाही, तसंच. ज्याच्या उंबऱ्याला लोहाराने आपला पहिला खिळा ठोकला, त्यानेच येऊन हा ठोकायचा.

म्हणून सोनाजीने गोजरबाईला बोलावलं. त्याने आयुष्यातला पहिला खिळा ठोकला तो तिच्या घराचा. म्हातारी वाकली आहे, पण अजून आपला विळा स्वतः धरते आणि कुणाचं ऐकून घेत नाही.

वास्तुशांतीला शिरडाहून एक टेम्पो भरून माणसं निघाली. त्यांच्या पायांत मीही होते. "हे भंगार कशाला?" असं टेम्पोवाला म्हणाला. सोनाजीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने स्वतः हात लावून मला वर चढवलं.

नवं घर छान होतं. दारात मंडप, कॉलनीतली माणसं, कंपनीतली माणसं. भिंतीला टेकून पाटी ठेवलेली, चकचकीत, 'शिरडकर'. गोजरबाई उंबऱ्याशी बसली. खिळा रोवला, हातोडी उचलली आणि खड्या आवाजात विचारलं, "घर कुणाचं?"

स्वप्निल म्हणाला, "शिरडकराचं."

हातोडी वरच राहिली. "कोणत्या?"

"म्हंजे? शिरडकराचं."

"अरं बाबा, ह्या टेम्पोतून उतरले ते समदे शिरडकरच हायती की! मी शिरडकर, ही माझी शेजारीण शिरडकर, तो टेम्पोवाला बी शिरडाचाच. आमच्यातल्या कुणाचं घर हाय ते सांग, म्हंजे तितं खिळा ठोकते."

गावची माणसं खो-खो हसली. शहरातली माणसं, हसावं की नाही या विचारात उभी राहिली. स्वप्निलचे कान लाल झाले. तो एकदा कंपनीच्या माणसांकडे बघायचा, एकदा आबाकडे. खिळा उंबऱ्यावर उभाच होता. नाव सांगितल्याशिवाय तो आत जायचा नाही, आणि नाव त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. पुनमने त्याच्या दंडाला हात लावला.

सोनाजी पुढे आला. मला वाटलं, आता हा वाघ होणार. तो नातवाच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "ठोक गोजरे. घर माझ्या नातवाचं हाय. तेवढं नाव बास."

"बास तर बास," म्हातारी म्हणाली. दोन घावांत खिळा उंबऱ्यात गेला.

जेवणं झाली. मंडपात माणसं पानसुपारी करत होती. सोनाजीने बंडीच्या खिशातून फडक्याची पुडी काढली आणि स्वप्निलच्या हातात ठेवली. आत चार खिळे होते. चौकोनी, मोठ्या डोक्याचे, डोक्यावर घणाचे बारीक पैलू. गावी आग पेटवली त्या सकाळी माझ्याच पाठीवर घडलेले.

"पाटी लाव तुझी," तो म्हणाला. "नाव तुला पाहिजे ते असू दे. मी काय आता किती दिवस. पण बाजारच्या खिळ्यावर टांगू नको. पडती ती."

स्वप्निलने पाटी उचलली. तीन खिळे बसले. चौथा भिंतीतल्या खडीवर आपटून वाकला. कुणी म्हणालं, दुकानातून स्क्रू आणू का? तो नको म्हणाला. माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला, वाकडा खिळा माझ्यावर आडवा धरला आणि हातोडीने सरळ केला. दोन घावांच्या मध्ये एक घाव नुसता ऐरणीवर, ठण् करून. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. भात्याजवळ बसून त्याने ते ऐकलं होतं. त्याच्या हातून माझा आवाज निघाला, किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात शेजारचा विकास येऊन उभा राहिला. बँकेत असतो, घराघरांतल्या वस्तू नीट पारखून घेतो. पाटीवरचं नाव त्याने वाचलं की नाही, कोण जाणे. खिळ्यांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "काय सुंदर काम आहे हो! ऑनलाइन मागवले का? कुठे मिळतात असले?"

स्वप्निल उभा राहिला. हातातला खिळा त्याने एकदा पाहिला.

"मिळत न्हाईत," तो म्हणाला. "आमच्या आबानं केलेत. आमी लोहार."

ओसरीवरून सोनाजीने कानामागे हात धरला. "काय म्हनला रं?"

आता आली का पंचाईत! मंडपातली सगळी माणसं वळून बघायला लागली. भीमराज मिशीत हसत होता. स्वप्निलने छाती भरून श्वास घेतला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला, "आमी लोहार हाव, म्हनलं! खिळे तुमी केलेत, म्हनलं!"

"मंग एवढं वरडायचं काहून?" सोनाजी म्हणाला. "मला काय ते नवीन हाय?"

पण त्याने टोपी काढून डोळे पुसले, ते मी पाहिलं. ऊन फार होतं, असं तो नंतर म्हणाला.

पाटी आजही शिरडकर हीच आहे. असू द्या. माझ्या अंगावरचं नाव झिजून गेलं, म्हणून मी काही चाळणी झाले नाही. तेव्हा मित्रांनो, तुमचं आडनाव ठेवा, बदला, नवं घ्या, तो तुमचा हक्क आहे. फक्त कुणी विचारलं, की हा हात तुला कुणी दिला, तर कपात बघू नका. आणि दारात एखादी जुनी ऐरण दिसली, तर नाडी बांधायला दुसरा दगड शोधा. आमचा म्हातारा आता इथेच राहतो, ओसरीवरच बसलेला असतो. कानांनी अधू आहे, डोळ्यांनी नाही.